भेट झाल्यानंतरचा भाग

बर्फ पडत असतं. वाड्याच्या उंच दरवाजाबाहेर सात-आठ वर्षांची एक मुलगी गुडघ्यांवर बसवलेली असते. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला हिरव्या दगडाचा अर्धा तुकडा. वाड्याची मालकीण बाहेर येते, दोरा हिसकावते आणि तुकडा बर्फात भिरकावून देते. त्याच वेळी तलवारीवर उभा राहून एक माणूस आकाशातून उतरतो. पांढरी वस्त्रं, कमरेला त्याच दगडाचा दुसरा अर्धा. तो वाकतो, बर्फातला तुकडा उचलतो, अंगठ्याने पुसतो. कॅमेरा त्याच्या डोळ्यांवर येतो. ओठ हलू लागतात आणि पडदा काळा होतो. पुढचा भाग बघायचा तर पैसे भरा, नाहीतर जाहिरात बघा.

हा प्रसंग कुठल्या एका मालिकेतला नाही. डझनावारी मालिकांमध्ये तो थोड्याफार फरकाने येतो. मुलीच्या जागी कधी आंधळी झालेली आई असते, दगडाच्या जागी कधी खांद्यावरची जन्मखूण. चीनमध्ये बनणाऱ्या, मोबाइल उभा धरून बघायच्या या छोट्या मालिका आता हिंदीत डब होऊन आपल्याकडेही आल्या आहेत. एकेक भाग मिनिट-दोन मिनिटांचा आणि मालिका साधारण ६० ते १०० भागांची, म्हणजे सगळं सलग बघितलं तर एका सिनेमाएवढं. पहिले दहाएक भाग फुकट. तलवारीवरून उडणारे योद्धे, गुहेत शेकडो वर्षं बसून अमर झालेले गुरू, एकमेकांच्या जिवावर उठलेले पंथ, आणि या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी एक आई, एक बाप, एक मूल. रात्री स्वयंपाकघरातलं मागचं आवरून झालं की मी या मालिका बघते, आणि मन लावून बघते. तलवारबाजी चालू असते तेव्हा हातात उद्याची भाजी निवडणं चालू असतं. ताटातुटीचा प्रसंग आला की हात थांबतो.

२०२४ मध्ये चीनमधली या मालिकांची उलाढाल ५० अब्ज युआनच्या वर गेली. त्याच वर्षी तिथल्या चित्रपटगृहांची तिकीटविक्री होती ४२.५ अब्जांची. वर्षअखेरीला या मालिका बघणाऱ्यांची संख्या ६६ कोटींवर पोहोचली होती. लोकांना स्वस्त करमणूक लागते, असं म्हणून या आकड्यांचा विषय संपवणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. करमणुकीला विषय हजार आहेत. मग मरणावर मात करण्याची विद्या शिकलेल्या माणसालाही शेवटी स्वतःचं हरवलेलं पोरच का शोधायचं असतं? मला वाटतं, या मालिकांमधली जादू वरची आहे आणि ताटातूट आतली. जादू काढून घेतली तरी गोष्ट उरते. ताटातूट काढून घेतली तर फक्त दोरीला लटकवलेले नट उरतील.

आणि ही गोष्ट मोबाइलने जन्माला घातलेली नाही. शान्शी प्रांतात हुआशान नावाचा पर्वत आहे. त्याच्या पश्चिम शिखरावर एक अवाढव्य खडक सरळ रेषेत दुभंगलेला आहे आणि त्याच्याशी एक भलीमोठी लोखंडी कुऱ्हाड ठेवलेली आहे. लोक सांगतात, मर्त्य माणसाशी लग्न केलं म्हणून एका देवीला तिच्या सख्ख्या भावाने या पर्वताखाली कोंडलं. तिचा मुलगा चन्श्यांग मोठा झाला, युद्धविद्या शिकला, मामाशी लढला आणि कुऱ्हाडीच्या एका घावात पर्वत फोडून त्याने आईला बाहेर काढलं. तिकडे चच्यांग प्रांतातल्या हांगचौला सरोवराकाठी लेफंग पॅगोडा आहे. माणसाच्या प्रेमात पडलेल्या पांढऱ्या नागिणीला एका भिक्षूने त्याच्याखाली गाडलं, तान्हं मूल वर राहिलं. पोरगा शिकला, राजदरबारच्या परीक्षेत पहिला आला आणि तो मान घेऊन पॅगोड्यासमोर आईसाठी गुडघे टेकून बसला. तो जुना पॅगोडा २५ सप्टेंबर १९२४ रोजी खरोखरच कोसळला. त्याची वीट घरात असली की घराचं भलं होतं, अशा समजुतीने लोक वर्षानुवर्षं पायातल्या विटा काढून नेत होते. २००२ मध्ये त्याच जागी नवा बांधला गेला.

या दोन्ही गोष्टींत मूल आईकडे जातं. तिसरी गोष्ट उलट्या दिशेची आहे आणि ती मला सहन व्हायला जड जाते. नेझा हा मिंग काळातल्या पुराणकथेतला बालयोद्धा. त्याच्या हातून समुद्रराजाचा मुलगा मारला जातो. समुद्रराजा सूड घ्यायला त्याच्या आईबापांच्या दारात येतो. तेव्हा हे पोर स्वतःचं मांस कापून आईला परत देतं आणि हाडं बापाला परत देतं. तुमचं होतं ते तुम्हाला दिलं, आता माझ्यापायी तुमच्यावर काही येणार नाही. गुरू नंतर त्याला कमळापासून नवं शरीर देतो आणि नव्या शरीराचा नेझा आधी बापावरच चालून जातो. आईबापांचं देणं फेडणं म्हणजे काय, याची याहून भयंकर कल्पना मी कुठे वाचलेली नाही. त्याच नेझावरचा ॲनिमेशनपट २०२५ च्या जानेवारीत आला आणि जगात आजवर सर्वांत जास्त कमाई करणारा ॲनिमेशनपट ठरला. त्यात लढायांना तोटा नाही. पण सर्वांगातून काटे फुटलेल्या मुलाला आई भट्टीत छातीशी घट्ट धरते आणि ते काटे तिच्या अंगात घुसतात, हा प्रसंग माझ्या मनातून जात नाही.

छोट्या मालिकांमध्ये वियोगाची आणखी एक तऱ्हा असते. तिथे कुणी कुणाला पळवून नेत नाही. साधक आपणहून उठतो, गुहेचं दार लावून घेतो आणि श्वासाच्या साधनेपासून एकेक पायरी चढू लागतो. आत त्याची एक बैठक होते, बाहेर शंभर वर्षं उलटतात. स्वर्गातला एक दिवस म्हणजे पृथ्वीवरचं एक वर्ष, हे त्या जगातलं नेहमीचं गणित. काही पंथांत तर माया पुरती तोडल्याशिवाय वरची पायरी मिळतच नाही. म्हणून बायकोला स्वतःच्या हाताने मारून सिद्धी मिळवणारे साधकही या कथांमध्ये आहेत. मेल्यानंतरही सुटका नाही. वाटेत पुलाजवळ एक म्हातारी बसलेली असते, ती प्रत्येकाला विसर पडण्याचं सार प्यायला लावते. पुढच्या जन्मी आई समोर उभी राहिली तरी पोराला ओळख लागत नाही.

हे बघताना मराठी माणसाला आळंदी आठवणारच. विठ्ठलपंत बायकोला मागे ठेवून काशीला गेले आणि संन्यास घेतला. गुरूंना खरं कळलं तेव्हा त्यांनी परत संसारात पाठवलं. चार मुलं झाली, पण ती संन्याशाची पोरं म्हणून वाळीत पडली. मुलांना तरी समाजाने जवळ घ्यावं म्हणून आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं. पुढे त्या पोरक्या चौघांभोवती केवढे चमत्कार गोळा झाले. पैठणला रेड्याच्या तोंडून वेद, आळंदीला चालणारी भिंत, समोरून वाघावर बसून येणारा, योगबळाने १४०० वर्षं जगलेला चांगदेव. तरीही, आईबापांना परत आणल्याचा चमत्कार आपल्या परंपरेने त्यांच्या नावावर कधी लावला नाही. सात शतकं श्रद्धेने गोष्ट सांगणाऱ्या लोकांनी तेवढी एक जागा रिकामी ठेवली, याचं मला फार वाटतं. आणि ज्ञानदेव लोकांच्या बोलण्याने दुखावून झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा बाहेर मुक्ताई होती. सगळ्यांत धाकटी, आणि समजूत घालत होती आईसारखी. चिनी मालिकांमधल्या गुहांच्या दाराशी अशी मुक्ताई मला अजून भेटलेली नाही. तिथे बाहेर राहिलेले नुसते वाट बघतात.

लेफंग पॅगोडा पडला त्याच वर्षी, त्याच चच्यांग प्रांतात, हायनिंगला एक मुलगा जन्मला. पुढे जिन योंग या टोपणनावाने तो आधुनिक चिनी युद्धकथांचा सर्वांत लाडका लेखक झाला. १९४८ मध्ये तो वृत्तपत्राच्या नोकरीसाठी हाँगकाँगला आला. १९५१ मध्ये गावाकडे त्याच्या वडिलांना जमीनदार आणि प्रतिक्रांतिकारक ठरवून गोळ्या घालण्यात आल्या. ती शिक्षा चुकीची होती, हे कागदावर यायला १९८५ उजाडलं. १९५५ पासून त्याच्या कादंबऱ्या हाँगकाँगच्या दैनिकांत रोज थोड्या थोड्या छापून येत. म्हणजे युद्धकथा तुकड्यातुकड्याने, उद्यावर लटकवून वाचण्याची सवय आजची नाही. आणि वाचणारे कोण होते? त्या वर्षांत सरहद्द ओलांडून लाखो माणसं हाँगकाँगमध्ये आली होती, आईबाप आणि भावंडं पलीकडे ठेवून. त्याच्या नायकांपैकी बहुतेकांना बाप नसतो, किंवा असतो तो कोण हे ठाऊक नसतं.

त्याने लिहिलेला एक प्रसंग माझ्या मते या सगळ्या प्रकाराचा कळस आहे. एका बाईचं तान्हं मूल कुणीतरी चोरलं. त्यानंतर ती इतरांची मुलं चोरू लागली. दिवसभर खेळवायची आणि संध्याकाळी त्यांचा घात करायची. जगात तिच्याएवढं दुष्ट कुणी नाही, अशी तिची ख्याती. दोन तपांनंतर शाओलिन मठात एका साध्याभोळ्या तरुण भिक्षूला नियमभंगासाठी फटके द्यायचे म्हणून त्याचं वस्त्र उतरवतात. पाठीवर उदबत्तीचे डाग दिसतात, तिने स्वतः आपल्या बाळाला दिलेले. ती धावते. तिने जन्मभर ज्याचं नाव घेतलं नाही तो मुलाचा बाप त्याच मठाचा महंत निघतो. महंत सर्वांसमोर कबूल करतो, आपल्याच मठाचे फटके खातो आणि जीव देतो. तीही जीव देते. जन्मभर पोरका असलेल्या मुलाला आई मिळाली, बाप मिळाला, आणि दिवस मावळायच्या आत दोघंही गेले.

आणखी एका गोष्टीसाठी मी या लेखकाला मानते. १९६१ ते १९६३ या काळात लिहिलेल्या एका कादंबरीत त्याने दहाएक वर्षांच्या मुलासमोर आईबाप जीव देतात असं दाखवलं होतं. मुलाच्या बापाचा वृद्ध गुरू तिथेच असतो. ज्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं त्याचं प्रेत त्याला बघावं लागतं. १९७६ मध्ये लेखकाचा स्वतःचा थोरला मुलगा न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना गेला. त्यानेही जीव दिला होता. पुढच्या वर्षी कादंबरीच्या सुधारित आवृत्तीच्या शेवटी बापाने लिहिलं की, त्या म्हाताऱ्या गुरूचं दुःख मी फार वरवरचं रंगवलं होतं, खऱ्या आयुष्यात तसं नसतं, पण लिहिलं तेव्हा मला हे कळत नव्हतं. लाखो वाचकांना रडवणारा प्रसंग लिहिणारा माणूस असं म्हणतो. तलवारी, पंथ, गुप्त विद्या यांच्या गर्दीत ही एक ओळ मला मोठी वाटते.

आज हाँगकाँगच्या निर्वासितांची जागा दुसऱ्यांनी घेतली आहे. चीनमध्ये १९५८ पासून प्रत्येक घराची नोंदणी गावाशी किंवा शहराशी बांधलेली आहे. खेड्यातली माणसं कारखान्यात काम करायला शहरात जातात, पण शहरातली सरकारी शाळा त्यांच्या मुलांना सहजासहजी मिळत नाही आणि विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा बहुतेकांना नोंदणीच्या गावाकडूनच द्यावी लागते. म्हणून मुलं आजी-आजोबांकडे राहतात. २०१३ च्या एका अंदाजानुसार अशी मागे राहिलेली मुलं ६ कोटी १० लाखांच्या घरात होती. २०१६ मध्ये सरकारने व्याख्या आवळली, आईबाप दोघंही बाहेर असलेली, किंवा एक बाहेर आणि दुसऱ्याला सांभाळणं शक्य नसलेली, १६ वर्षांखालचीच मुलं मोजली, तरी आकडा ९० लाखांच्या वर राहिला. वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या, ४० दिवसांच्या गर्दीत रेल्वे-बस भरभरून माणसं गावी जातात आणि सणाचे दिवस संपले की पुन्हा निघतात.

आता या माणसांच्या हातातल्या मोबाइलवर सर्वांत जास्त चालणारी गोष्ट कोणती ते बघा. सीमेवर पाच वर्षं लढून युद्धदेव परत येतो. दहा देशांच्या सेना त्याला घाबरतात. आणि घरी येऊन बघतो तर त्याची लहान मुलगी कुणा श्रीमंत नातेवाइकाच्या दारात कुत्र्याच्या खोपटात झोपते आहे. अशा कितीतरी मालिका याच प्रसंगाने सुरू होतात. कपडे कधी राजवाड्यातले, कधी आजचे सूट-बूट. समीक्षक याला बाळबोध म्हणतात. मला मात्र हे बघताना गलबलून येतं. बाप पाच वर्षं बाहेर का होता, याचं खरं कारण सगळ्या बघणाऱ्यांना माहीत आहे. तो साच्यात प्लास्टिक ओतत होता, किंवा क्रेनखाली उभा होता. मालिका त्याच्या गैरहजेरीला लढाईचं नाव देते. तू घर सोडलंस ते पोरीला टाकून नव्हे, तू फार मोठ्या कामाला गेला होतास, असं ती त्याला सांगते. मग त्याच्या हातात अशी तलवार देते की पोरीला ज्यांनी छळलं ते सगळे एका मिनिटात गुडघ्यांवर. प्रत्यक्षात तो सुट्टीला येतो तेव्हा शाळेच्या मास्तरांसमोरही त्याला धड बोलता येत नसतं.

आणि मग खूण. अर्धा दगड, डाग, रक्त. दोघांचं रक्त वाडग्यातल्या पाण्यात टाकलं आणि एक झालं की नातं खरं, हा प्रसंग प्रत्येक ऐतिहासिक मालिकेत एकदा तरी येतोच. त्याचं मूळ जुनं आहे. सोंग त्स नावाच्या न्यायाधिकाऱ्याने १२४७ मध्ये प्रेतपरीक्षेवर ग्रंथ लिहिला, त्यात मृताच्या हाडांवर वारसाचं रक्त टाकून बघण्याची रीत आहे. शास्त्र म्हणून ती खोटी. पण आपलं माणूस आपलंच आहे हे कुणीतरी ठामपणे सांगावं, ही गरज तेव्हाही तेवढीच होती. आज ते काम प्रयोगशाळा करते. पळवलेल्या मुलांसाठी चीनने २००९ मध्ये डीएनए नमुन्यांचा राष्ट्रीय साठा उभा केला. शानदोंग प्रांतातल्या एका बापाचं अडीच वर्षांचं पोर १९९७ मध्ये घरासमोरून पळवलं गेलं. मुलाचा फोटो छापलेला झेंडा मोटारसायकलला लावून तो माणूस २४ वर्षं देशभर फिरला. दहा मोटारसायकली झिजल्या, अंतर पाच लाख किलोमीटरच्या आसपास भरलं. २०२१ च्या जुलैमध्ये पोरगा सापडला, शेजारच्याच हनान प्रांतात. आईने मिठी मारली, बाप रडला, सगळ्या देशाने ते बघितलं. त्या वर्षी पोलिसांच्या मोहिमेत अशी वर्षानुवर्षं हरवलेली दहा हजारांहून अधिक मुलं मिळाली.

त्या मुलांपैकी काहींनी पुढे सांगितलं की आम्ही ज्यांनी वाढवलं त्यांच्याकडेच राहू. हे ऐकून लोक हळहळले, काही जण त्या मुलांवर रागावलेही. त्या रागाला या मालिकांचा हातभार आहे असं मला वाटतं, आणि माझी तक्रार इथेच आहे. ८० भाग आपण भेटीची वाट बघतो. दगडाचे दोन अर्धे जुळतात, मुलगी हाक मारते, वर संगीत, बर्फ थांबतं, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी उठून कुणाकडे बघते, हे कुणीही दाखवत नाही.

मी ती सकाळ बघितलेली आहे. वडील मुंबईला गिरणीत होते, साचाखात्यात विणकर. आम्ही सिंधुदुर्गात, आजीपाशी. आमच्या वाडीतल्या बहुतेक घरांतले बाप तिकडेच होते. महिन्याला मनीऑर्डर यायची आणि गणपतीला वडील यायचे. ट्रंक, तिच्यात नव्या कापडाचा वास, आणि माझ्यासाठी चपला. त्या नेहमी लहान व्हायच्या, कारण गेल्या गणपतीला बघितलेल्या पायाच्या मापाने त्यांनी आणलेल्या असायच्या. मी आजीच्या लुगड्यामागे. आजी म्हणायची, “अगो, बापूस तुझो, भियातंस कित्याक?” भीती जायला सात दिवस लागायचे आणि आठव्या दिवशी ते परत जायचे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. वडील बरेच महिने तिकडे थांबले, मिळेल ते काम करून बघितलं, आणि मग ट्रंक घेऊन कायमचे गावी आले. सगळी वाडी म्हणाली, बरं झालं, घर एकत्र आलं. घरात मात्र त्यांना ठेवायला जागाच नव्हती. शेत कुणाला खंडाने द्यायचं, सोसायटीचं कर्ज कधी फेडायचं, काजू कुणाला घालायचे, हे सगळं आई ठरवत आली होती. पाहुणा म्हणून त्यांना माशाची मोठी तुकडी मिळायची. कायमचे झाल्यावर ती पुन्हा सगळ्यांत वाटली जाऊ लागली आणि ते त्यांच्या लक्षात आलेलं मला दिसलं. पहिल्या पाळीच्या वेळेला पहाटे उठायचे, दाढी करायचे, आणि मग करायला काही नाही म्हणून पडवीत बसायचे.

आणि त्यांचा आवाज. आमच्याकडे कुणी एवढ्या मोठ्याने बोलत नसे. ‘पाणी दे’ म्हणाले तरी मी दचकायची. जेवताना काही विचारलं तर मला वाटायचं, माझं काहीतरी चुकलं. आईसुद्धा सुरुवातीला गप्प व्हायची. इतक्या वर्षांच्या संसारात तिनेही त्यांना एकावेळी आठ दिवसच ऐकलं होतं आणि पाहुण्यासारख्या आलेल्या नवऱ्याचा तो उत्साह असेल असं समजत आली होती. मुंबईहून वडिलांच्याच खात्यातले एक काका भेटायला आले तेव्हा उलगडा झाला. दोघं पडवीत समोरासमोर बसून, एकमेकांच्या अंगावर ओरडत, अगदी मजेत, जुन्या गोष्टी काढत होते. साचाखात्यात शेकडो माग एकदम चालतात. शेजारच्याला हाक मारायची तर ओरडावं लागतं, आणि पुढेपुढे तेही ऐकू येत नाही, ओठांकडे बघून समजून घ्यायचं. वडिलांचे कान अर्धे गेलेले होते. राग त्या आवाजात कधी नव्हताच.

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलताना समोर येऊन, ओठ दिसतील असं उभी राहू लागले. त्यांनीही आवाज खाली आणायचा प्रयत्न केला आणि तो त्यांना कधीच नीट जमला नाही. धाकटा भाऊ ते आल्यानंतर जन्मला. त्याला पहिल्या दिवसापासून तोच आवाज, त्यामुळे तो पाळण्यातही दचकायचा नाही. तो चालू लागला तसा त्यांच्या पाठीमागे बोंबलत वाडीभर फिरायचा. त्याचा मला हेवा वाटायचा, अजूनही वाटतो. मला जे मेहनतीने शिकावं लागलं ते त्याला आपोआप मिळालं होतं.

म्हणून त्या युद्धदेवाबद्दल माझी उत्सुकता मुलगी सापडल्यावर संपत नाही. पाच वर्षं त्याने रणांगणावर हुकूम सोडलेले आहेत. त्याच्या आवाजाने घोडे थांबत असतील. आता एका खोलीच्या घरात, चुलीपाशी, सात वर्षांच्या मुलीशी त्याला बोलायचं आहे. तिला काय आवडतं ते त्याला माहीत नाही. ती कशाला घाबरते तेही नाही. तिला खोपटात झोपायची सवय आहे, गादीवर झोप येत नाही. ८१वा भाग इथून सुरू करावा. पहिल्याच रात्री त्याच्या आवाजाने ती दचकून उठली आणि कोपऱ्यात जाऊन बसली, तर तो काय करतो, हे मला बघायचं आहे.